वाटीत किती उरलं?

व्हिडिओ कॉल लागला की मराठी आजी आधी नातवंडाचा चेहरा न्याहाळते आणि मगच बोलते, "अरे, किती वाळलाय हा!" नातवंड न्यू जर्सीत असो, मस्कतमध्ये असो की आमच्यासारखं ग्लासगोत, या वाक्यात काडीचा फरक पडत नाही. सांगलीहून माझी आईही हेच म्हणते. थोरली सात वर्षांची आहे आणि धाकटा नुकताच दोनाचा झालाय. थोरली आता या वाक्यातून सुटली, धाकट्याची पाळी चालू आहे.

मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक आहे, विषय पदार्थविज्ञान. पोषणशास्त्राशी माझा संबंध येतो तो स्वयंपाकघरातून. बायको हॉस्पिटलात शिफ्टमध्ये काम करते, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस पोळ्या, आमटी आणि मुलांचे डबे माझ्याकडे असतात. आलेख वाचायची सवय मात्र धंद्यातली आहे, आणि ती इथे फार उपयोगी पडली.

इथे मूल जन्मलं की एक लाल वही मिळते. तिच्यात वजन-उंचीचे वक्र छापलेले असतात. "हे तक्ते गोऱ्या मुलांचे, आपल्याला काय लागू?" असं आपल्या मंडळींत हमखास म्हटलं जातं. पण चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी इथे जे वक्र वापरतात, ते जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली काढले. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजली होती. भारतातली मुलं दिल्लीची होती. नीट खायला-प्यायला मिळालं, अंगावरचं दूध मिळालं, घरात आरोग्याची आबाळ नसली, की पहिल्या पाच वर्षांत या सगळ्या देशांतली मुलं जवळपास सारखीच उंच होतात, असं त्यातून दिसलं.

आता वक्राकडे नीट बघा. तीन किलोचं बाळ वर्षभरात साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट. तोच वेग राहिला असता तर दुसऱ्या वाढदिवसाला ते 27 किलोचं आणि तिसऱ्याला 81 किलोचं झालं असतं! प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षात वजन दोन-तीन किलोनंच वाढतं. वाढ मंदावते, तशी भूकही मंदावते. आणि नेमकं याच वयात मूल चालायला लागतं, गालांचे गोळे उतरतात आणि "वाळलाय" सुरू होतं. मग कोणी चमचा घेऊन सोफ्यामागे धावतं, कोणी मोबाईलवर कार्टून लावून चिऊ-काऊचे घास आत ढकलतं. वाटीत किती उरलं, यावर आईबापांचा दिवस चांगला की वाईट ते ठरतं.

बघायचं असतं ते एवढंच, की मूल स्वतःच्या रेषेला धरून चाललंय का. खालच्या रेषेवरचं मूल खालच्याच रेषेवर वाढत असेल, खेळत असेल, तर ते त्याचं माप आहे. रेषा दोन पट्टे ओलांडून खाली घसरू लागली तर डॉक्टर गाठायचा. जन्मतःच फार लहान असलेल्या बाळाच्या बाबतीत एक पट्टाही पुरे.

गुबगुबीतपणाचं आणखी एक गणित आपल्याच पुण्याकडचं आहे. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. पण कमी पडत होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच टिकून होती. 2003 साली छापलेल्या या निष्कर्षानं 'बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ' ही कल्पना जगभर पोचवली. कमी वयात, बेताच्या वजनाला मधुमेह झालेले काका-मामा आपल्या प्रत्येक घरात आहेत. तेव्हा गाल भरणं हे आपल्या मुलांचं उद्दिष्ट असूच शकत नाही.

मग दोन वर्षांच्या मुलाबाबत काळजी करायची तरी कशाची? लोहाची. ब्रिटनच्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज 6.9 मिलिग्रॅम लोह लागतं. माझ्यासारख्या थोराड बाप्याला लागतं 8.7. म्हणजे माझ्या सहाव्या हिश्श्याएवढ्या वजनाच्या माणसाला जवळपास माझ्याइतकंच लोह हवं, आणि पोट मात्र मुठीएवढं! अशा पोटात "जेवला नाही, निदान दूध तरी गेलं" म्हणत दिवसाला लिटरभर दूध ओतलं, तर भूक मरते आणि लोह येत नाही, कारण दुधात ते नसल्यातच जमा. म्हणून धाकट्याचं दूध दिवसाला दोन कप, तेही बाटलीतून नाही आणि जेवणाआधी नाही. वाटी लहान, पण तिच्यात अंडं, खिमा, मुगाची दाट उसळ, वर लिंबाचे चार थेंब.

बाकीचे नियम आपल्या स्वयंपाकात सहज बसतात. पहिला वाढदिवस होईपर्यंत मध अजिबात नाही, गुटीबरोबर बोटभर चाटवायलासुद्धा नाही. त्यातून बाळाला बॉट्युलिझमसारखी गंभीर विषबाधा होऊ शकते. पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे-काजू नाहीत, घशात अडकतात. पण आपल्याकडे दाण्याचं कूट आहे की! तीन वर्षांपर्यंत दिवसाचं मीठ 2 ग्रॅमच्या आत, म्हणून त्याची आमटी मीठ पडायच्या आधी बाजूला काढायची.

आणि 'ड' जीवनसत्त्व. ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन इतकं तिरपं असतं की त्वचेला ते तयारच करता येत नाही, आणि सावळ्या त्वचेला उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. याला या शहरात इतिहास आहे. 1970च्या दशकात ग्लासगोतल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलांमध्ये मुडदूस आढळत होता. 1979 साली त्या मुलांना 'ड' जीवनसत्त्व मोफत द्यायची मोहीम सुरू झाली आणि मुडदुसाचं प्रमाण खाली आलं. आज ब्रिटनमध्ये एक ते चार वर्षांच्या सर्व मुलांना रोज 10 मायक्रोग्रॅम, बारा महिने, असा सल्ला आहे. मोठ्यांना निदान हिवाळाभर, आणि आपल्यासारख्या सावळ्यांना वर्षभर. आखातातल्या वाचकांनी हसू नये. तिथे ऊन रग्गड असलं तरी मुलं दिवसभर एसीतच असतात.

थोरलीचा प्रश्न निराळा. सातव्या वर्षी भूक शहाणी असते, पण आवड शाळेत ठरते. स्कॉटलंडमध्ये प्राथमिक पाचवीपर्यंत शाळेत दुपारचं जेवण मोफत मिळतं, त्यामुळे डबा लागतो तो सहलीला आणि सुट्टीतल्या शिबिराला. "बाबा, मेथीचा पराठा नको. वास येतो म्हणतात," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा पोटात तुटलं. पण हा लढा मी डब्यातून लढत नाही. डब्यात सँडविच जातं, पराठा रात्री घरी होतो आणि ती दोन खाते. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी कामाची वाटणी फार सोपी करून सांगितली आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. आमच्या घरात या वाटणीनं जेवणाच्या टेबलावरची भांडणं निम्म्यावर आली. या वयात माझं लक्ष असतं ते साखरेवर. सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा 24 ग्रॅम आहे, त्यात फळांचा रसही धरायचा. कोलाच्या एका कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते. म्हणून फळ फोडी करून द्यायचं, रस झालाच तर छोट्या पेल्याएवढा, जेवणासोबत.

तिसरं वय आमच्या घरात अजून यायचंय, पण ते अधूनमधून येऊन बसतं. जवळच राहणाऱ्या नाशिककर मित्रांची चौदा वर्षांची मुलगी शनिवारी आमच्या मुलांना सांभाळायला येते. वर्षभरापूर्वी तिनं मांस-मासे सोडले. नंतर ती सारखी दमायला लागली, जिने चढताना थांबायची. घरच्यांना वाटलं, अभ्यास आणि मोबाईल. डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या, आता बरी आहे. अकरा ते अठरा वयात मुलांना रोज 11.3 मिलिग्रॅम लोह लागतं, मुलींना 14.8, कारण उंची वाढत असते आणि पाळीही सुरू झालेली असते. मांसाहार सोडायला हरकत नाही, पण त्याची जागा चीज-टोस्टनं भरत नाही. मोड आलेली मटकी, हरभरे, पालेभाजी, आणि त्यावर लिंबू, कारण 'क' जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणापासून तासभर लांब, कारण तो तेच लोह अडवतो. पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या आपल्या पणज्यांना हे रसायन ठाऊक नसेल, पण हात बरोबर पडला होता. लगेच वर चहा घेण्याचं तेवढं सांभाळायचं. हाडांचा बहुतांश साठाही याच वयात भरतो, म्हणून दूध, दही, आणि नाचणी, जिच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. इथल्या देशी दुकानांत ती 'रागी' नावानं मिळते.

ही मुलगी एकदा म्हणाली, "काका, इंडियात गेलं की सगळे आधी माझ्या वजनावर बोलतात. मागच्या वर्षी जाड झालीस म्हणाले, या वर्षी वाळलीस. मग मला कोणासमोर जेवावंसंच वाटत नाही." दोन वर्षांच्या मुलाला "वाळलाय" म्हटलेलं कळत नाही, तो खेळायला पळतो. चौदाव्या वर्षी तेच वाक्य ताटात येऊन बसतं आणि उठत नाही. या वयात जेवण टाळण्याची सवय कुठवर जाऊ शकते, हे आपण सगळे ऐकून आहोत. म्हणून आईला मी एकच विनंती केली, की थोरलीच्या अंगाविषयी आतापासूनच काही बोलू नकोस. आज काय खाल्लंस, कोणाबरोबर खाल्लंस, ते विचार. आई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्या वेळी वाळलेलं पोर म्हणजे दुखणं असायचं रे. म्हणून तोंडातून निघतं." तिचंही खोटं नाही. तिच्या लहानपणी ही काळजीच औषध होती.

तेव्हा तीन वयांसाठी तीन स्वयंपाक करायला नकोत. कुकर एकच लावायचा. मटकी शिजली की मीठ-तिखटाआधी वाटीभर काढून कुसकरायची, ती धाकट्याची. उरलेल्या उसळीतली थोरलीला तिला हवी तेवढी, तिच्या हातानं वाढून घेऊ द्यायची. शनिवारी पाहुणी असली तर तिच्या ताटात लिंबाची मोठी फोड ठेवायची, आणि चहाचं आधण जेवणानंतर तासाभरानं.