शब्द ऐकू यायला हवा

रिसीव्हर बदलायचाय म्हणून कुणी बोलावलं, की मी आधी जुन्याचं झाकण उघडतो. नवा कोणता घ्यायचा, हे त्यानंतर. बावीस वर्षं लोकांच्या घरी होम थिएटर बसवतोय आणि दुरुस्त करतोय, आणि नव्याची निवड जुन्याच्या पोटातूनच सुरू होते हे मला आता पक्कं ठाऊक झालंय.

गेल्या पावसाळ्यात कोथरूडला एका घरी गेलो होतो. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेत मराठी शिकवायच्या. हॉल अकरा बाय सोळाचा, खाली गुळगुळीत टाइल्स, समोरच्या भिंतीला काचेचं शोकेस. त्याच्या खालच्या कप्प्यात २००८ साली घेतलेला ५.१ चा रिसीव्हर. नवा फोर-के टीव्ही आल्यापासून घरात कुरबुर सुरू होती. काकू म्हणाल्या, “अहो, बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर गाणं लागलं की घर हादरतं. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. रिमोट हातातून खाली म्हणून ठेवता येत नाही.” काकांचं मत ठाम होतं. “यंत्र म्हातारं झालं. आता नऊ चॅनेलचा घेऊ.”

प्लग काढून अर्धा तास थांबलो. वीज तोडल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये भार साठून राहतो, घाईने हात घालायचा नसतो. मग स्क्रू काढले आणि मऊ ब्रशने धूळ झाडली. ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला एक वाळून गेलेली पाल निघाली. आपल्याकडच्या यंत्रांत हे नेहमीचंच. ऊब शोधत येतात आणि दोन टोकांच्या मध्ये सापडल्या तर बोर्ड घेऊन जातात. ही तशी सापडली नव्हती. कंडेन्सरची डोकी सपाट होती, बुडाशी गळती नव्हती, हीटसिंकजवळचे सांधे शाबूत होते. अँप्लिफायर ठणठणीत होता. मागच्या बाजूचा एचडीएमआयचा बोर्ड मात्र उष्णतेनं काळवंडला होता, आणि त्याचा सुटा भाग आता मिळत नाही.

रिसीव्हर म्हणजे एका डब्यात राहणारी दोन यंत्रं. एक ताकदीचं: ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, स्पीकर हलवणारे ट्रान्झिस्टर. हवा खेळती ठेवली तर ते वीस-पंचवीस वर्षं सहज काढतं. दुसरं दुभाष्याचं: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डिस्क प्लेअर जी भाषा बोलतात ती समजून घेणारं. ही भाषा दर चार-पाच वर्षांनी पालटते. टीव्हीचा आवाज त्याच केबलवरून उलटा रिसीव्हरकडे आणणारी एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आली. ६० फ्रेमचं फोर-के चित्र वाहून नेणारं २.० आलं २०१३ मध्ये, एआरसीची सुधारित आवृत्ती, म्हणजे ईएआरसी, असलेलं २.१ आलं २०१७ मध्ये. डोक्यावरूनही आवाज आणणारं डॉल्बी अॅटमॉस चित्रपटगृहांत २०१२ ला आणि घरात २०१४ ला पोचलं. काकांचा रिसीव्हर या सगळ्याच्या आधीचा. त्याचे स्नायू शाबूत होते, नवी भाषा तेवढी त्याला येत नव्हती. म्हणून तो बदलायला हवा हे काकांचं म्हणणं खरं होतं, पण संवाद ऐकू न येण्याचं कारण त्याच्यात नव्हतं.

ते कारण शोकेसमध्ये होतं. चित्रपटातलं बहुतेक बोलणं सेंटर स्पीकरमधून येतं. इथे तो कप्प्यात फूटभर आत सरकवलेला, पुढे गणपती आणि दोन फोटो. स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीतल्या अगदी क्षीण आवाजांवर उभी असतात. वय वाढतं तसे आधी तेच आवाज कानाला कमी पोचतात, आणि काचेवर, टाइल्सवर आपटून आलेला प्रतिध्वनी उरलेसुरलेही गढूळ करतो. मग ‘साथ’ आणि ‘हात’ यांतला फरक मिटतो. काकूंनी आयुष्यभर मुलांचे उच्चार घासूनपुसून घेतले होते. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

काकांच्या हातात दोन रिसीव्हरांची माहितीपत्रकं होती. एकावर ९० वॉट, दुसऱ्यावर ११०. मी म्हटलं, “काका, या दोहोंत कानाला एक डेसिबलचाही फरक पडत नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलने चढतो, तोही ‘जरा वाढला’ एवढाच जाणवतो. तुम्ही दहा फुटांवर बसता, संवाद ऐकताना तुमचा स्पीकर एखादा वॉटही खात नाही. बाकीची ताकद लागते ती ढोल-ताशाच्या क्षणाला.” शिवाय आकडा कसा मोजला ते बारीक टायपात असतं. एकच चॅनेल चालवून, एकाच सुरावर, दहा टक्के विकृती चालवून घेतली तर आकडा फुगतो. दोन चॅनेल एकदम, २० हर्ट्झपासून २० हजारांपर्यंत, एक टक्क्याच्या आतल्या विकृतीवर मोजलेला ८० मला जास्त भरवशाचा वाटतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही मोठ्या आकड्याकडे बोट दाखवून यंत्रं सुचवली आहेत. त्यांतल्या काही घरांत आवाज मोठा झाला, समाधान मात्र आलं नाही. ते मला आजही लागतं.

काकांचा मुलगा न्यू जर्सीला. तो म्हणाला, इथून घेऊन येतो. मी नको म्हटलं. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं, आपली वीज २३०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा शेजारी बसवावा लागतो, आणि बिघडलं तर इथे वॉरंटी धरत नाहीत. मुलाची माया मोठी होती, म्हणून त्याला फोनवर नीट समजावून सांगितलं. मग स्पीकरांच्या पाठीवरची पाटी वाचली: सहा ओहम. नव्या रिसीव्हरला तेवढा भार मान्य आहे ना, हे आधी पाहिलं.

शेवटी सात चॅनेलचा ठरला. स्पीकर पाचच राहणार होते. अॅटमॉससाठी छतात भोकं पाडायला काकू तयार नव्हत्या आणि मीही आग्रह धरला नाही. सातचा घेतला तो दोन गोष्टींसाठी. खोलीतला आवाज मापणाऱ्या त्याच्या माइकला सोफ्यावरच्या आठ जागा घेता येत होत्या, आणि ईएआरसी होती. ओटीटीवरचं अॅटमॉस साध्या एआरसीवरूनही येतं, पण काकांकडे डिस्कचा मोठा साठा आहे आणि प्लेअर टीव्हीलाच जोडलेला राहणार होता. डिस्कवरचा पूर्ण आवाज टीव्हीमार्गे यायचा तर ईएआरसी हवीच.

बसवायच्या दिवशी पहिलं काम सेंटर स्पीकरचं. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे आणला, खाली रबराचे तुकडे देऊन किंचित वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे कलवला. फोटो वरच्या फळीवर गेले, गणपती देवघरात. काकूंनी जुनी सतरंजी काढून टाइल्सवर अंथरली. रिसीव्हर मोकळ्या स्टँडवर ठेवला, कारण दहा अंश उष्णता वाढली की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. मग माइक कानाच्या उंचीवर स्टँडला लावला, पंखा बंद केला, काकूंनी गॅसवरचा कुकरही उतरवला. प्रत्येक स्पीकरमधून सूंऽप असा सूर निघाला, आठ वेळा. यंत्रानं काढलेली मापं मी जशीच्या तशी मानत नाही. त्यानं पुढचे स्पीकर ‘मोठे’ ठरवले होते; ते ‘लहान’ केले, ८० हर्ट्झखालचा भार सबवूफरकडे दिला, आणि सेंटर दोन डेसिबलने चढवला.

तपासायला मी आधी ‘सैराट’ लावतो. २०१६ च्या त्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. व्हायोलिनं एकाच रेषेत उभी राहिली की मांडणी फसली समजावं, खोलीभर पसरली की जमली. पसरली. पण खरी परीक्षा त्यानंतरची. काकांनी आपल्या आवडत्या जुन्या नाटकाचं चित्रीकरण लावलं.

पाऊण तास कुणी बोललं नाही. मी जुन्या रिसीव्हरला झाकण लावत होतो. तो आता आतल्या खोलीत जायचा होता, दोन स्पीकर आणि काकांचा कॅसेट डेक घेऊन. ते काम त्याला अजून दहा वर्षं जमेल. निघताना सहज लक्ष गेलं. नाटकात भांडण रंगलं होतं, मग कुजबुज झाली, मग पार्श्वसंगीत. रिमोट टीपॉयवर होता. काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या.