मामांचं ‘मिग’ आणि आताच्या पोरांचं विमान

मलकापूरला आमच्याकडे ‘मामा मिगला आहेत’ एवढं सांगितलं की पुरे व्हायचं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली उभा राहिला, पण ते लांबलचक नाव कुणाच्याच तोंडात बसलं नाही. कारखाना मिग, वसाहत मिग, एसटीचा थांबाही मिग. उन्हाळ्याच्या सुट्टीत भुसावळमार्गे नाशिक रोड गाठायचं आणि पुढे एसटीनं मामांच्या क्वार्टरवर. मामा पत्राकामाचे फिटर होते. रिव्हेट पत्र्याशी सपाट बसली की नाही, हे ते अंगठ्याचं नख फिरवून बघत. मलकापूरला आले की आजीच्या पत्र्याच्या पेटीवरूनही ते नख फिरायचं आणि ‘ढिली आहे’ असा शेरा पडायचा. आजी चिडायची.

त्या काळचा हिशेब आज उलटा वाटतो. ओझरला बनणारं मिग-२१ हे लढाऊ विमान रशियन आराखड्याचं आणि शिकाऊ विमान मात्र आपलं. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगनला प्रांटलसारख्या गुरूच्या हाताखाली शिकून आले होते. बंगळुरूला त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान रेखाटलं आणि १९५१च्या ऑगस्टमध्ये ते उडालं. स्वातंत्र्याला चार वर्षं होत होती! इंजिन ब्रिटिश होतं, पण बाकीचं डोकं आणि हात इथले. पुढे आफ्रिकेत घानाचं वायुदल उभं राहिलं, तेव्हा त्यांनाही आपण एचटी-२ दिली. १९६४ मध्ये ‘किरण’ हे जेट आलं. आपल्या पोरांनी उडायला आपल्याच विमानावर शिकायचं, यात कुणाला नवल वाटत नव्हतं.

पण जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. किरणवरून पोरगा उतरायचा आणि मिग-२१ वर चढायचा. मधली पायरीच नव्हती. मिग धावपट्टीवर टेकायचं तेच ताशी ३०० किलोमीटरच्या वर. नवख्या हाताला विचार करायला सवड नाही. मधल्या टप्प्याचं प्रगत जेट हवं, असं ला फाँटेन समितीनं १९८२ मध्ये सांगितलं. ब्रिटिश ‘हॉक’चा करार झाला २००४ मध्ये. बावीस वर्षं! देशी की परदेशी, हे की ते, करत फायली हिंडल्या आणि दरम्यान तेजपूरला मिगवरच पोरांना तयार करत राहिले. अपघाताच्या बातमीत ‘उडती शवपेटी’ हे शब्द आले की मामांचा चेहरा उतरायचा. स्वतःच्या हातानं ठोकलेलं विमान होतं ते. पेपरची घडी घालत ते म्हणायचे, “अरे, आधी सायकल द्यायची, मग फटफटी. विमानाला काय शिव्या देता?” ६६ हॉकपैकी ४२ पुढे आपल्याच कारखान्यात जोडली गेली. २००८ पासून हॉक आपल्या शेजारच्या बिदरला उडताहेत. कारखाना तयार होता, माणसं तयार होती, निर्णय तेवढा होत नव्हता.

स्वदेशीच्या अभिमानालाही ठेच लागलीच. एचटी-२ ची जागा घेणाऱ्या ‘दीपक’चं इंजिन हवेत बंद पडे आणि वैमानिकाला बाहेर फेकणारी सीट त्यात नव्हती. २००९ च्या जुलैत दोन प्रशिक्षक गेले आणि दीपक कायमचं जमिनीवर आलं. मग २०१२ मध्ये स्वित्झर्लंडची ७५ पिलाटस घेण्याचा करार झाला. ते विमान उत्तम आहे, सीटही बाहेर फेकणारी. त्या वेळी ते घेतलं हे बरोबरच केलं, असं मी अजून म्हणतो. देशभक्तीपायी विशीतल्या पोराला धोक्यात बसवायचं नसतं.

तरी हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं हट्ट सोडला नाही. वायुदल फारसं उत्सुक नसताना स्वतःचा पैसा घालून एचटीटी-४० हे शिकाऊ विमान काढलं. मे २०१६ मध्ये ते उडालं. बाहेर फेकणारी सीट या वेळी विसरले नाहीत. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा, ६,८०० कोटींच्या वरचा करार झाला. इंजिन अमेरिकन आहे. एचटी-२ चंही परकंच होतं, म्हणजे इंजिनाच्या बाबतीत सत्तर वर्षांत आपण फार पुढे सरकलेलो नाही, हेही खरं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये या विमानाची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली ती ओझरला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं होतं. मामा आज असते तर नव्या विमानाच्या पत्र्यावरून नख फिरवल्याशिवाय काही बोलले नसते.

विमान झालं, आता ते उडवणारे. आमच्या वेळी जिल्ह्यातला एखादा हुशार मुलगा संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व संस्थेत जायचा. २०२३ पासून नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था आहे आणि एनडीएतून मुलींची पहिली तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडली. चिखली-मेहकरकडे पहाटे पळणाऱ्या पोरींना हे ठाऊक असतं. त्यांच्या हाती एचटीटी-४० यावं, हे माझं उघड मत. मात्र ७० विमानं ठरल्या वेळेत द्या. पुन्हा बावीस वर्षं लावलीत, तर पिलाटसवाल्यांकडे जाणाऱ्या वायुदलाला दोष देऊ नका.