पायडलची लाथ

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारात चेपलेल्या बंपरची एखादी गाडी येतेच. यंदा एक काका आले. क्रांती चौकाच्या पुलावरून अमरप्रीतकडे उतरताना पुढची रिक्षा थांबली, यांनी ब्रेक दाबला. "अन् पायडलनं लाथ मारली हो! खालून कर्रर्र आवाज. वाटलं, ब्रेकच तुटला. पाय काढून घेतला."

तिथंच घोळ झाला. ब्रेक ठणठणीत होता. ती लाथ एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची.

उन्हाळाभर जालना रोडवर सांडलेलं तेल, टायरचा चुरा आणि धूळ यांचा पहिल्या सरीत साबणासारखा लेप होतो. काकांच्या गाडीला त्यातलं काही दिसत नाही. तिला कळतात ती आपली चार चाकं. प्रत्येक चाकामागं दातेरी कडं, त्याच्यासमोर जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर सेन्सर. तो जाणारे दात मोजत बसतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, की ते घसरायला लागलंय एवढं ती ताडते. म्हणजे रस्ता निसरडा आहे हे तिला घसरल्यावरच कळतं! मग त्या चाकाचा दाब सोडायचा, फिरलं की पुन्हा धरायचं, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. कारण चाक पुरतं अडकलं तर स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. पायाखाली धडधडतं ते हेच सोडणं-धरणं. (सुट्या खडीवर मात्र हे शहाणपण उलटतं. तिथं अडकलेलं चाक पुढ्यात खडीचा ढीग करून लवकर थांबतं.)

एप्रिल २०१९पासून नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं, १२५ सीसीवरच्या बाइकलाही. या लाथेची ओळख मात्र गिऱ्हाइकाला कुणी करून देत नाही.

काकांचे पुढचे टायर गोटा झालेले. खाचेत नख बुडेना. रस्ताच धरवत नसेल तिथं सेन्सर काय करणार? टायर बदलले आणि काकांना गाडीसकट मागच्या ओल्या, मोकळ्या प्लॉटवर नेलं.

"तीसवर घ्या. आता दाबा. अजून! सोडू नका!"

पायडल थरथरलं. काकांनी दचकून माझ्याकडं पाहिलं. पाय तसाच होता.