भावांची फाइल वाचताना

चि. मनू,


तुझी फाइल पोचली. नोव्हाव्हॅक्स या अमेरिकी लस कंपनीच्या शेअरचे इतक्या वर्षांचे रोजचे भाव, शेवटी तुझा प्रकल्पाचा आराखडा आणि त्याखाली तो प्रश्न: “मामा, २०१५ साली या कंपनीची एकही लस बाजारात नव्हती, तरी शेअर २८० डॉलरला कसा?” प्रश्न फार चांगला आहे. चार वर्षं दलालीच्या पेढीत काढलेल्या पोरांनाही हा पडत नाही. ती आलेख बघतात आणि खरेदीला लागतात.

तर ऐक. २०१५ साली त्या शेअरला कुणीही २८० डॉलर मोजलेले नाहीत. तेव्हा तो चौदा डॉलरच्या आसपास मिळत होता. पुढे मे २०१९ मध्ये कंपनीने वीस शेअरचा एक शेअर केला, ज्याला आपल्याकडेही रिव्हर्स स्प्लिटच म्हणतात. त्या दिवसापासून भाव देणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांनी मागच्या सगळ्या भावांना वीसने गुणलं, नाहीतर आलेखात एका रात्रीत वीसपट उडी दिसली असती. हिशेबाला ते योग्यच आहे. पण जुन्या सातबाऱ्यावर नंतरचा फेरफार चढवून मूळ पान काढून टाकावं, तसं ते झालंय. तुझ्यापुढे आहे तो सुधारलेला भूतकाळ आहे. तेव्हाचे खरे आकडे हवे असतील तर कंपनीने २०१९च्या आधी अमेरिकेच्या रोखे आयोगाकडे भरलेले वार्षिक अहवाल उघड. ते फुकट मिळतात आणि नंतर कुणी त्यांना हात लावत नाही.

हे एकत्रीकरण का करावं लागलं, ते तर तुझ्याच विषयातलं आहे. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवर त्यांची लस होती. वृद्धांमधल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल १५ सप्टेंबर २०१६च्या संध्याकाळी आला आणि लस नापास झाली. दुसऱ्या दिवशी शेअर आठ डॉलरच्या वरून दीड डॉलरच्या खाली आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये गरोदर स्त्रियांना लस देऊन बाळांना वाचवण्याची चाचणीही मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही, तेव्हा भाव एका डॉलरच्याही खाली गेला. नॅसडॅक या शेअर बाजाराच्या नियमाप्रमाणे सलग तीस व्यवहारदिवस एका डॉलरखाली राहिलं की नोटीस येते आणि भाव वर आणायला १८० दिवसांची मुदत मिळते. कंपनीने शेअर आटवले आणि भाव फुगवून घेतला. धंद्यात पैशाचीही भर पडली नव्हती.

यातली सप्टेंबरची १५ आणि १६ तारीख मुद्दाम लक्षात ठेव. निकाल बहुतेकदा बाजार बंद झाल्यावर किंवा उघडायच्या आधी जाहीर करतात. त्यांच्या कोविड लसीच्या ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल २८ जानेवारी २०२१ला संध्याकाळी आला, आणि साठ टक्क्यांहून मोठी उसळी तुझ्या फाइलीत २९ तारखेसमोर आहे. तू निकालाचा दिवस आणि भावाचा दिवस सरळ जोडलास, तर “निकालाच्या दिवशी बाजार शांत होता” असा भलताच निष्कर्ष निघेल. शिवाय बातमी तू पुण्यात बसून वाचणार, म्हणजे तारखेचा आणखी एक घोळ. सगळं न्यूयॉर्कच्या वेळेत मांड.

आता खरी मेख. तुझ्या तक्त्यात २०१५चा २८० आणि फेब्रुवारी २०२१चा ३२०च्या आसपासचा आकडा जवळजवळ बरोबरीचे दिसतात. कुणालाही वाटेल, कंपनी पुन्हा जुन्या उंचीवर आली. पण २०१५ला शेअर होते साधारण सत्तावीस कोटी. चौदाने गुण, पावणेचारशे कोटी डॉलर. २०२१ला, एकत्रीकरणानंतरही, सात कोटींच्या पुढे होते. ३२०ने गुण, तेवीसशे कोटी डॉलरच्या आसपास. बाजाराने कंपनीची किंमत सहापट धरली होती आणि भावाच्या रकान्यात त्याची खूणही नाही.

एकत्रीकरण झालं त्या दिवशी शेअर दोन कोटींच्या आसपास होते. दोन वर्षं व्हायच्या आत सात कोटी झाले, आज सोळा कोटींवर आहेत. हे वाढलेले शेअर कंपनीने छापून विकले. ज्या कंपनीकडे विकायला औषध नसतं, ती शेअर विकून जगते. प्रयोगशाळेचा खर्च, चाचणीतल्या माणसांचा विमा, पगार, सगळं त्यातून. भाव चढला की ती लगेच बाजारात विकायला बसते, आणि त्यात लबाडी काही नाही, तिने तसंच करायला हवं. पण मग जीवतंत्रज्ञानाच्या कंपनीचा जुना भाव म्हणजे अर्धा तिच्या विज्ञानाचा इतिहास आणि अर्धा तिच्या उदरनिर्वाहाचा. तुझ्या तक्त्यात भावाशेजारी एक रकाना एकूण शेअरचा आणि एक बाजारमूल्याचा घाल. तिमाही अहवालाच्या पहिल्या पानावरच शेअरचा आकडा असतो. काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्यावाचून पुढचं काही करू नकोस.

आपल्याकडे गाडी बहुधा उलट्या दिशेने जाते. बंगळुरूच्या बायोकॉनने २००४ साली ३१५ रुपयांना शेअर विकला. नंतर २००८ला एकास एक बोनस, २०१७ला एकास दोन, २०१९ला पुन्हा एकास एक. तेव्हाच्या एका शेअरचे बारा झाले. म्हणून आजच्या आलेखात तो मूळ भाव सव्वीस रुपये पंचवीस पैसे दिसतो, आणि लोकांना वाटतं पूर्वी शेअर किती स्वस्त होता! शेअर बाजाराच्या रोजच्या भावपत्रकात मात्र त्या त्या दिवशीचा खराच भाव राहतो. तिथे एकास एक बोनसच्या दिवशी शेअर निम्म्यावर आलेला दिसेल. घाबरू नकोस.

आता तुझ्या मूळ कल्पनेकडे येतो. निकालाच्या आधीच भाव हलतो का, हे तुला पाहायचंय. पाहा, पण एकट्या कंपनीचा भाव घेऊन नको. अमेरिकेतल्या छोट्या-मोठ्या जीवतंत्रज्ञान कंपन्यांना सारखं वजन देणारा एक्सबीआय नावाचा फंड आहे. तो आणि नोव्हाव्हॅक्स, दोघंही फेब्रुवारी २०२१च्या एकाच आठवड्यात शिखरावर होते. पुढच्या सव्वा वर्षात तो फंडही साठ टक्क्यांहून जास्त उतरला. म्हणजे नोव्हाव्हॅक्सच्या घसरणीतला काही भाग तिचा, लसीच्या मंजुरीचा अर्ज रखडल्याचा आणि उत्पादन अडल्याचा, आणि काही भाग सगळ्या क्षेत्राचा. रोजच्या चढउतारातून फंडाचा चढउतार वजा कर. उरेल त्यावर बोल.

दुसरं, घटना कशाला म्हणायचं ते आधी ठरव. बायोजेनचं उदाहरण मला फार आवडतं. अल्झायमरवरच्या त्यांच्या अॅड्युकॅनुमॅबच्या चाचण्या मार्च २०१९ मध्ये निष्फळ म्हणून थांबवल्या, शेअर एका दिवसात २९ टक्के पडला. मग त्याच चाचण्यांची आकडेवारी पुन्हा तपासली गेली. ४ नोव्हेंबर २०२०ला एफडीए या अमेरिकी औषध नियामकाच्या अधिकाऱ्यांचं अनुकूल टिपण बाहेर आलं, शेअर ४४ टक्के वर. ६ तारखेला सल्लागार समिती बसली आणि विरोधात गेली. त्या दिवशी व्यवहारच थांबवले होते, म्हणून सोमवारी, ९ तारखेला २८ टक्के खाली. ७ जून २०२१ला समितीला न जुमानता मंजुरी, ३८ टक्के वर. आणि २०२४च्या जानेवारीत कंपनीने ते औषधच सोडून दिलं. त्याच दोन चाचण्या, तेच रुग्ण. बाजार रेणूवर पैज लावत नव्हता, एफडीएच्या मनावर लावत होता. तू फक्त चाचणीच्या निकालाची तारीख धरलीस तर यातलं निम्मं नाट्य तुझ्या हातून निसटेल.

इथेच सांगतो, असे प्रसंग मोजकेच असतात. दहाबारा घटनांवरून नियम सांगायला जाऊ नकोस, तुझे परीक्षक सोडणार नाहीत आणि सोडूही नये. ज्या कंपन्या बुडाल्या किंवा बाजारातून काढल्या गेल्या, त्यांचे भाव फुकटच्या संकेतस्थळांवर बहुधा सापडतच नाहीत. आज शिल्लक आहेत त्याच घेतल्यास तर या धंद्यात सगळे शेवटी तरतात असं दिसेल. २०१६ सालच्या एखाद्या निर्देशांकाची यादी घे आणि तिथून पुढे चाल.

आलेख काढताना उभा अक्ष गुणोत्तराचा ठेव. २०२० साल नोव्हाव्हॅक्सने चार डॉलरला सुरू केलं आणि १११ला संपवलं. साध्या अक्षावर ते एवढं मोठं दिसतं की १० मे २०२४ला सॅनोफीशी करार झाल्यावर शेअर एका दिवसात जवळपास दुप्पट झाला, हे डोळ्यांना दिसतच नाही.

शेवटी एक, जे तुझ्या विचारण्यात नव्हतं. याच कंपनीची कोविड लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्होव्हॅक्स म्हणून बनवली. नोव्हाव्हॅक्सच्याच मॅट्रिक्स-एम या सहायक द्रव्यावर ऑक्सफर्डची आर२१ ही मलेरियाची लस उभी आहे, तीही सीरमच बनवतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती लस शिफारशीत घेतली, तेव्हा नोव्हाव्हॅक्सचा शेअर दहा डॉलरच्या खाली लोळत होता. आणि सीरमचं काय म्हणशील, तर ती कंपनी बाजारात नोंदलेलीच नाही, तिला भावांचा इतिहासच नाही. तुझ्या आराखड्यात “भाव हे कंपनीच्या वैज्ञानिक यशाचं माप” असं वाक्य आहे. ते खोड. “गुंतवणूकदारांच्या त्या दिवशीच्या अपेक्षेचं माप” असं लिही.

दोन रकाने वाढवून फाइल पुन्हा पाठव. घाई नाही, मी दिवाळीपर्यंत घरीच आहे. ताईला सांग, डोळ्यांचं पुढे ढकलू नकोस म्हणावं. आणि तू स्वतः यातला एकही शेअर घेतलेला नाहीस ना? घेतला असशील तर प्रकल्पात तसं नमूद कर.

तुझा,
मामा