जाड बुडाचं पातेलं आणि साधा चॉकलेट केक

आमच्याकडे ओव्हन नाही. तरी चॉकलेट केक वरचेवर होतो आणि ज्यांच्या घरी मोठाले ओव्हन आहेत ते आवडीने दुसरा तुकडा मागून घेतात. त्यातलं निम्मं श्रेय मी भांड्यांना देते. स्वयंपाकाची पुस्तकं साहित्य आणि कृती सांगतात, पण कशात करायचं हे क्वचितच सांगतात. माझ्या मते पदार्थ जमणं-बिघडणं बरंचसं तिथेच ठरतं.

हे मला शिकवलं सासूबाईंनी. रुखवतात आलेली पातळ, चकचकीत स्टीलची पातेली त्यांनी माळ्यावर टाकली आणि मला रविवार पेठेत घेऊन गेल्या. मी कडा, कान, झाकणं बघत होते. त्या म्हणाल्या, “चकाकी काय बघतेस, बूड बघ. उचलून बघ, मनगटाला भार लागला पाहिजे.” दुकानदाराने तराजूत घातलेलं जाड हिंडालियमचं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, पातेलं आणि बिडाचा तवा त्या दिवशी घरी आला. “आई, एवढ्या पैशात चार पातेली आली असती,” असं मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “चार आली असती आणि चारही करपली असती.”

येताना त्यांनी मुद्दाम कसबा पेठेतल्या तांबट आळीतून वाट काढली. तिथले कारागीर तांब्याच्या भांड्यावर हातोडीने जवळजवळ, एकसारखे ठोके घालतात. त्याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याचा एक लहानसा खळगा उमटतो, त्यावर उजेड चमकतो. पण ते नुसतं नक्षीकाम नसतं; ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, भांडं बळकट होतं. तो ठोक्यांचा आवाज ऐकल्यापासून मी भांडं विकत घेताना आधी त्यावर बोटाने टिचकी मारून बघते.

स्टील उष्णता फार हळू पसरवतं. अॅल्युमिनियम त्याच्या दहापट तरी झपाट्याने आणि तांबं त्याहूनही जास्त. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात बर्नरच्या ज्वाळेची गोल चकती तेवढी तापते, तिथेच दूध लागतं आणि कडेला ते कोमटच असतं. हल्ली तीन थरांची स्टीलची भांडी मिळतात, त्यांच्या पोटात अॅल्युमिनियमचा थर असतो तो याचसाठी. बिडाचं गणित वेगळं. ते सावकाश तापतं, पण वजनदार असल्यामुळे एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं. बिडाच्या कढईतल्या पिठल्याची तळाची खरपुडी ज्याने खाल्ली आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बीड मी साबणाने घासत नाही. गरम पाण्याने धुते, लगेच कोरडं करते आणि तेलाचं बोट फिरवते. वर्षानुवर्षं असं केल्यावर त्यावर जो काळाभोर, गुळगुळीत पापुद्रा धरतो तो कुठल्याही दुकानात मिळत नाही.

प्रत्येक भांड्याचं काम मात्र ठरलेलं असतं. सासूबाईंचं पितळी पातेलं आमटीला उत्तम, पण त्यात केक नाही. त्याला आतून कल्हई असते; कल्हई म्हणजे कथिल आणि कथिल २३२ अंशांना वितळतं. कोरडं पातेलं विस्तवावर राहिलं तर कल्हई गेलीच म्हणून समजा. नॉनस्टिकही रिकामं तापवू नये, २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो. केकला लागतात साधारण १८० अंश, तेही संथ आणि सगळीकडून सारखे. हे काम बिडाचा तवा आणि हिंडालियमचं पातेलं मिळून चोख करतात.

माझी रीत अशी. बर्नरवर तवा, त्यावर पातेलं, पातेल्याच्या तळाशी वाटीभर जाड मीठ आणि मिठावर कुकरची जाळी. मीठही उष्णता धरून ठेवतं. ते पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही, पुढच्या केकसाठी बरणीत भरून ठेवायचं. झाकण घुमटासारखं फुगीर असावं, म्हणजे वाफेचं पाणी मध्ये न टपकता कडेने ओघळतं. हे सगळं मंद आचेवर पंधरा मिनिटं तापत ठेवायचं. तापायला ठेवल्याशिवाय मी पिठाला हात लावत नाही, कारण या पिठाला थांबायची सवय नाही.

दीड कप मैदा, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ, हे दोनदा चाळायचं. कोकोच्या गुठळ्या फार चिवट असतात. त्यात एक कप साखर. दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, पाव कपाहून थोडं जास्त सूर्यफूल तेल, चमचाभर व्हॅनिला आणि एक मोठा चमचा व्हिनेगर. पाण्यात चिमूटभर कॉफी विरघळवली तर कॉफीची चव लागत नाही, चॉकलेटची मात्र गडद होते. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. त्यामुळे आमच्या वाड्यातल्या अंडं न खाणाऱ्या आजींनाही हा केक चालतो.

ओलं कोरड्यात ओतलं की लगेच बारीक बुडबुडे येतात. व्हिनेगर आणि सोडा भेटून वायू सुटतो, तोच केक फुलवतो. म्हणून चमच्याने पंचवीस-तीस वेळा फिरवून, सैलसर पीठ तेल-मैदा लावलेल्या सात इंची डब्यात अर्ध्याच्या थोडं वर भरायचं आणि ताबडतोब पातेल्यात ठेवायचं. कोको घेताना डबा वाचावा. साधी कोको आंबट वळणाची असते आणि सोड्याला मदत करते. डच पद्धतीच्या कोकोवर अल्कलीचा संस्कार झालेला असतो. तिचा रंग सुरेख, पण या केकला साधीच बरी. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हान हाउटेन यांच्या कारखान्याने बियांतलं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यानंतर ही कोरडी, स्वस्त पूड घरोघरी पोचू शकली. माझ्या मंद गॅसवरच्या केकमागे एवढा जुना उद्योग उभा आहे याचं मला अप्रूप वाटतं.

पहिली तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. चॉकलेटचा वास हॉलपर्यंत आला की समजावं, काम उतरणीला लागलं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी केकची कड डब्यापासून सुटलेली दिसते. सुरीचं टोक मधोमध खुपसून कोरडं निघालं की गॅस बंद. डब्यातच दहा मिनिटं निवू द्यावा, मग उलटा करावा. वरून क्रीम, रंगीत फुलं, चेरी काही नको. चांगल्या केकला झाकायची गरज नसते, आणि हा दुसऱ्या दिवशी जास्त ओलसर, जास्त चविष्ट लागतो, तेव्हा वाढदिवसाच्या आदल्या रात्रीच करून ठेवावा.

ओव्हनसाठी पैसे बाजूला टाकत असाल तर जरूर टाका. पण त्यातले थोडे काढून आधी एक जाड बुडाचं पातेलं घ्या. वजन करून घ्या, टिचकी मारून घ्या. केक महिन्यातून एकदा होईल. दूध, खीर आणि पुलाव त्यात रोज होतील.