आधी उभं राहणं

विहिरीवर वाढलेल्या माणसाला आपण पोहायला कसे शिकलो ते सांगता येत नाही. पाठीला रिकामा डबा बांधला, कुणीतरी काठावरून ढकललं, दोन-चार गटांगळ्या खाल्ल्या, पुढच्या उन्हाळ्यात डबा सुटला. आमच्या बेला मंडळात पोरं अशीच तयार झाली, त्यातली बरीचशी माझ्या हातून. पण पन्नाशीच्या माणसाला ढकलता येत नाही. त्यातून तो घरचा जावई असेल तर बोलायलाच नको.

भाऊजी झरी-जामणीकडचे, म्हणजे पैनगंगेच्या पलीकडचे. आयुष्य नदीकाठी गेलं, तरी पाणी गुडघ्याला लागलं की परत फिरतात. पेशानं मास्तर, त्यामुळे भीतीसुद्धा मुद्देसूद. "२०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे," हे त्यांनी मला चहा पिता पिता ऐकवलं. वर कुंटाला धबधब्याचा दाखला: तिथल्या डोहात जातो तो पाण्यात उतरणारा, काठावर बसलेल्याला काय होतंय? यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "भाऊजी, पोहायचं नाही. नुसतं उभं राहायला शिकायचं."

यात फसवणूक नव्हती. मोठ्या माणसाची भीती बुडण्याची असते असं आपण समजतो. जवळून पाहिलं तर ती पाय परत टेकतील की नाही याची असते. पालथा तरंगणारा नवखा माणूस घाबरला की आधी डोकं वर काढतो. मान मागे जाते, पाठ ताठते, पाय मागेच राहतात, अंगाखाली येतच नाहीत. मग छातीभर पाण्यातही माणूस गटांगळ्या खातो. उलट गुडघे पोटाशी ओढले, दोन्ही तळव्यांनी पाणी खाली दाबलं की अंग आपोआप फिरतं, पाऊल वाळूला लागतं. डोकं सगळ्यात शेवटी. हे जमल्याशिवाय मी कुणालाही हातपाय मारायला सांगत नाही.

जागा निवडायला मात्र वेळ घालवला. विहीर बादच, तिला उथळ बाजू नसते. हिवाळ्यात पैनगंगा उतरते, पाणी नितळ होतं. पण रेती उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी काठी घेऊन सगळा तळ चाचपला. काठावर भाच्याला बसवलं, जवळ ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आणि दोर. त्याला बजावलं, मोबाइल खिशात, नजर बापावर. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. तोंड पाण्यावर ठेवण्यातच त्याचा श्वास संपतो. हाक ऐकू आल्यावर धावू म्हणणारा राखणदार काय कामाचा?

अडलं ते नाकाशी. तोंड पाण्यात घातलं की भाऊजी श्वास कोंडून धरायचे, आणि कोंडलेला श्वास नेमका नको तेव्हा आत ओढला जातो. "सोडा, सोडा" म्हणून काही होईना. शेवटी आठवलं की हे भजनी मंडळात गातात. म्हटलं, तोंड मिटा आणि पाण्यात सूर धरा. गुणगुणताना हवा नाकावाटे बाहेर पडत राहते, पाण्याला आत यायला वाव मिळत नाही. त्यांनी असा लांब सूर लावला की बुडबुडे संपेचनात! दमसास तर माझ्यापेक्षा त्यांचाच मोठा. फुप्फुसं भरलेली असली की अंग पाण्यापेक्षा जरासं हलकं राहतं, हेही मग त्यांनीच मला वर्गात सांगावं तसं समजावलं.

हात काढण्याबद्दल आमचा करार होता: सांगितल्याशिवाय काढायचा नाही. विहिरीवरची पद्धत याच्या बरोबर उलट, तिथे गुपचूप सोडतात आणि पोर तरंगलं की सगळे हसतात. पोराचा राग संध्याकाळपर्यंत टिकतो. मोठा माणूस एकदा फसला की पुन्हा पाण्यात येत नाही. त्यामुळे मी मोठ्यानं म्हणायचो, "आता एक बोट उरलंय, भाऊजी. आता तेही काढतो." ते आडवे राहायचे, वाटलं की गुडघे ओढून उभे व्हायचे आणि चष्मा मागायचे.

विहिरीत उतरायला ते अजून तयार नाहीत. मीही विषय काढत नाही. आता ताईला शिकायचंय. पंजाबी ड्रेस घालून येते म्हणते, फक्त जागेचं ठरत नाहीये. या काठाला माहेर, त्या काठाला सासर, आणि धुणं धुवायला दोन्हीकडच्या बाया सकाळपासून हजर.