छेदातील करणी

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या ओसरीत पाऊस उघडण्याची वाट पाहत उभे होतो. तेवढ्यात आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या नववीतील मुलीला पुढे करून म्हणाला, “सर, हिला आता तुम्हीच समजवा. मला जमत नाही.” मुलीने धर्मशिक्षणाच्या पिशवीतून बीजगणिताची वही काढली. ५ ला √३ ने भागायचे होते. तिने ५/√३ एवढे लिहून रेघ ओढली होती आणि त्याखाली तांबड्या शाईत शेरा होता : ‘छेदाचे परिमेयीकरण करा.’

“पण सर, उत्तर चुकलंय का?” तिने विचारले.

खरे सांगायचे तर आम्ही वरमलो. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, तिच्या वडिलांनी नववीत असताना आम्हांला विचारला होता. “नियम आहे,” एवढेच बोलून आम्ही त्याचा अर्धा गुण कापला होता. त्यानंतर वर्षभर त्याने वर्गात हात वर केला नाही. गणित शिकविणाऱ्याने ‘नियम आहे’ म्हणावे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडावर दार लावून घेण्यासारखेच. त्या वेळी मात्र आम्हांला ते शिस्तीचे वाटले होते.

ओसरीतल्या बाकावर बसून आम्ही वहीचे मागचे पान उघडले. “उत्तर चुकलेले नाही,” हे आधी सांगितले. मग √३ ची किंमत १.७३२ धरून तिला ५ ला १.७३२ ने हाताने भागायला लावले. १७३२ चा पाढा कोणाला येतो? दोनदा खोडाखोड झाली आणि ओठ चावत तिने कसेबसे २.८८६ पर्यंत गाठले. नंतर अंश आणि छेद दोहोंना √३ ने गुणून ५√३/३ केले. आता ८.६६० ला फक्त ३ ने भागायचे. ते तिने तोंडीच केले. शिवाय √३ ची अधिक सूक्ष्म किंमत, १.७३२०५०८, घ्यायची झाली तर पहिल्या रीतीत भाजकच लांबतो आणि सारा भागाकार मुळापासून पुन्हा मांडावा लागतो. दुसऱ्या रीतीत ३ चा ३ च राहतो. लॉगच्या कोष्टकांवर आणि पाटीवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी ही रीत का जपली हे यावरून कळते.

“पण आता मोबाइल आहे ना?” मुलगी म्हणाली. प्रश्न रास्त होता. आम्ही तिला १/(√३ − √२) दिले. दोन दशांश स्थळे घेतली तर १.७३ वजा १.४१ म्हणजे ०.३२, आणि १ भागिले ०.३२ म्हणजे ३.१२५. आता छेदाची अनुबद्ध करणी √३ + √२ हिने वर-खाली गुणा. छेदात ३ − २ म्हणजे १ उरतो आणि उत्तर होते √३ + √२, म्हणजे ३.१४. खरी किंमत ३.१४६ च्या आसपास आहे. किमती त्याच घेतल्या, तरी पहिली वाट चुकली. कारण जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की हाती उरलेल्या लहानशा संख्येत चुकीचा वाटा मोठा होतो. हा धोका यंत्रालाही टळत नाही. आणखी एक कारण आहे. एकीचे उत्तर ६/√३ आणि दुसरीचे २√३ आले, तर दोघी भांडतील. परिमेयीकरण केले की दोन्ही एकच आहेत हे दिसते.

ही युक्ती फार जुनी. युक्लिडच्या दहाव्या पुस्तकात ती भूमितीच्या वेषात आहे. येशूसंघीय गणिती क्लाव्हियस यांनी १५७४ मध्ये युक्लिडची सटीक आवृत्ती काढली. त्यांचे शिष्य फादर मत्तेओ रिच्ची यांनी शू ग्वांगची यांच्यासह १६०७ मध्ये तिची पहिली सहा पुस्तके चिनी भाषेत आणली. दहाव्यापर्यंत ते पोहोचले नाहीत. आपल्या सह्याद्रीच्या भास्कराचार्यांनी तर बाराव्या शतकात ‘बीजगणिता’त स्पष्टच सांगितले : भाजकातील एका करणीचे चिन्ह पालटून भाज्य-भाजक दोहोंना गुणा आणि भाजकात एकच पद उरेपर्यंत हे करीत राहा. करणी हा शब्द त्याहूनही जुना, शुल्बसूत्रांतला; चौरसाचे क्षेत्र दुप्पट करणारी बाजू ती द्विकरणी.

“मग त्रिकोणमितीच्या कोष्टकात १/√२ तसंच का छापलंय?” मुलीने विचारले. आम्ही हसलो. तिथे भागाकार करायचा नसतो, बाजूंचे गुणोत्तर डोळ्यांना दिसावे म्हणून ते तसे ठेवतात, एवढे सांगितले. पण परीक्षेत ‘परिमेयीकरण करा’ म्हटले असेल तर मुकाट्याने कर, हेही सांगितले.

तिचे वडील इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होते. “म्हणजे सर, तेव्हा माझं उत्तर बरोबर होतं.”

“बरोबर होतं. आम्हांला तेव्हाच सांगायला हवं होतं.”

तो काही बोलला नाही. पाऊस ओसरला होता, तरी त्याने मिटलेली छत्री काखेतच धरून ठेवली. कारण मुलीने १/(√५ − २) स्वतःहून मांडले होते आणि छेदात ५ वजा ४ लिहून ती पुढची ओळ लिहीत होती.